गाडीची बॅटरी घरीच तपासली: व्होल्टेज चांगलं, तरी सेल्फ जड

जानेवारीच्या सुरुवातीला गाडीचा सेल्फ जड व्हायला लागला. आधी फक्त सकाळच्या पहिल्या सुरुवातीला. स्टार्टर एका दमात फिरायच्या ऐवजी अडखळायचा, मग कसंबसं इंजिन लागायचं. दिवसभर मात्र काही तक्रार नाही. मग एका सकाळी नुसतं कट-कट-कट झालं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद झाले. दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावून ती चालू केली.

ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं: बॅटरी गेली, नवीन टाका. बॅटरी चार वर्षांच्या पुढे गेली होती, त्यामुळे अंदाज चुकीचा म्हणता येत नव्हता. पण कुणी काही मोजलं नव्हतं. सेल्फ जड होण्याचं कारण नुसतं बॅटरी संपणं नसतं. ती फक्त उतरलेली असू शकते. टर्मिनलवर गंज चढलेला असू शकतो, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र) नीट भरत नसेल, किंवा गाडी बंद असताना एखादी वस्तू गुपचूप करंट खात असेल. कारण न शोधता नवीन बॅटरी बसवली, तर काही आठवड्यांनी तीही उतरून बसणार. म्हणून मी आधी मोजायचं ठरवलं. मला विजेचं शिक्षण नाही, बॉनेट उघडून पाणी तपासण्यापलीकडे कधी हात घातला नव्हता. जे जमलं ते क्रमाने लिहिते आहे, कारण मला अशी क्रमवार माहिती एका ठिकाणी मिळाली नाही.

साहित्य फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टीमीटर, चार्जर, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी), पाना, जुना ब्रश, चष्मा आणि रबरी हातमोजे. यात फक्त चार्जरला बऱ्यापैकी पैसे पडतात आणि तो मागूनही आणता येतो. मीटर आणि हायड्रोमीटर मिळून नव्या बॅटरीच्या किमतीचा छोटासा भाग होतात.

सुरक्षिततेचं आधी, कारण इथे घाई चालत नाही. या बॅटरीत सल्फ्युरिक ॲसिड असतं आणि चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. त्यामुळे जागा मोकळी हवी, जवळ ठिणगी किंवा सिगारेट नको. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवायचं. पाना पॉझिटिव्ह टर्मिनलवर असताना त्याचं दुसरं टोक गाडीच्या लोखंडाला टेकलं तर क्षणात प्रचंड करंट वाहतो, आणि मध्ये बोटातली अंगठी आली तर भयंकर भाजतं. म्हणूनच केबल काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. मीटरबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: लाल वायर व्होल्टच्या भोकात हवी. ती १० ॲम्पिअरच्या भोकात असताना टोकं बॅटरीला लावली, तर मीटर म्हणजे नुसती जाड तार ठरतो आणि सरळ शॉर्ट होतो.

पहिल्या दिवशी फक्त पाहिलं. बॅटरीचा डबा कुठे फुगलेला नव्हता, गळती नव्हती. महिना-वर्ष छापलेलं होतं, ते टिपून ठेवलं. पॉझिटिव्ह टर्मिनलवर मात्र पांढरट-हिरवी भुकटी साचलेली होती. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने लावला, तो फसफसून वर आला, मग पुसून कोरडं केलं. हे करताना बुचं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर ॲसिडच मारतो. क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासल्यावर शिसं चकचकीत दिसायला लागलं. परत घट्ट बसवून वरून पेट्रोलियम जेली लावली. सेल्फ किंचित सुधारला, पण जडपणा गेला नाही.

त्या रात्री गाडी जागची हलवली नाही. हे महत्त्वाचं आहे. गाडी चालवून आल्यावर किंवा चार्जर काढल्यावर लगेच मोजलं तर मीटर खोटा दिलासा देतो, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावर तात्पुरता चार्ज चढलेला असतो. काही तास, शक्यतो रात्रभर, थांबावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोनेक मिनिटं लावून बंद करायचे आणि थोडं थांबून मोजायचं. सकाळी गाडीचं दार न उघडता मोजता येईल, म्हणून बॉनेट आदल्या रात्रीच उघडून नुसतं टेकवून ठेवलं होतं. मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल टोक पॉझिटिव्हला, काळं निगेटिव्हला. आकडा आला १२.२१.

याचा अर्थ असा लावायचा. आपण जिला १२ व्होल्टची म्हणतो त्या बॅटरीत सहा सेल असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणजे भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.९ च्या खाली उतरलीच समजा. एजीएम प्रकारची (जिच्यात ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेलं असतं) असेल तर आकडे थोडे वर असतात, भरलेली १२.८ च्या आसपास. १०.५ च्या जवळपास अडकून बसली आणि चार्ज करूनही वर येत नसेल, तर बहुधा एक सेल आतून शॉर्ट आहे.

माझी निम्मी उतरलेली होती. पण उतरलेली बॅटरी म्हणजे खराब बॅटरी नव्हे. किती भरलेली आहे हा एक प्रश्न आणि ती किती तब्येतीत आहे हा दुसरा. विश्रांतीतलं व्होल्टेज पहिल्याचंच उत्तर देतं. शिवाय उतरलेल्या बॅटरीवर केलेली पुढची कुठलीही चाचणी नापासच येणार. म्हणून पुढे जाण्याआधी तिला पूर्ण भरणं भाग होतं.

चार्जर ओळखीतून मिळायला थोडे दिवस लागले. तोवर गाडी फक्त गरजेपुरती काढली. खरं तर उतरलेली बॅटरी तशीच ठेवणं वाईट. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं, ते ताजं असेल तर चार्जिंगमध्ये विरघळून जातं, पण बरेच दिवस राहिलं तर कडक स्फटिक होऊन बसतं आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. गॅस्टन प्लांटेने १८५९ साली शिसं आणि ॲसिडची पहिली बॅटरी केली, तेव्हापासून हे रसायन मुळात तेच आहे आणि त्याचा हा दोषही.

चार्जिंगसाठी बॅटरी बाहेर काढली. तुमच्या गाडीत रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. पॉवर विंडोचं सेटिंगही पुन्हा करावं लागू शकतं. बॅटरी गाडीतच ठेवून चार्ज करायची असेल आणि निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर बसवलेला असेल, तर चार्जरचा निगेटिव्ह चिमटा टर्मिनलवर न लावता कंपनीने सांगितलेल्या बॉडीच्या पॉइंटवर लावायचा. माझी बॅटरी ४५ ॲम्पिअर-अवरची आहे (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप). क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट सुरक्षित धरतात, म्हणून ४ ॲम्पिअरवर लावली. निम्मं भरायचं म्हणजे २२-२३ ॲम्पिअर-अवर, शिवाय काही वाया जातं आणि शेवटचा भाग हळू भरतो. रात्री लावलेला चार्जर सकाळी 'फुल' दाखवत होता. मधून उठून हात लावून पाहिलं, डबा कोमट होता, गरम नव्हता. गरम झाला किंवा सडक्या अंड्यासारखा वास आला तर तिथेच बंद करायचं.

चार्जर काढून बॅटरी तशीच, कुठलीही केबल न जोडता, संध्याकाळपर्यंत ठेवली. मग मोजलं: १२.५८. दुसऱ्या सकाळीही १२.५७. म्हणजे ती चार्ज धरून ठेवत होती. मला हायसं वाटलं. कुणाला हा आकडा दाखवला असता तर बॅटरी ठणठणीत म्हणून मोकळे झाले असते.

पण सेल्फ मारताना काय होतं ते अजून पाहिलं नव्हतं. बॅटरीची तब्येत कळते ती भार पडल्यावर, आणि गाडीतला सर्वांत मोठा भार म्हणजे स्टार्टर. छोट्या गाडीचा स्टार्टरही शंभराहून जास्त ॲम्पिअर ओढतो. यासाठी दोन माणसं लागतात. लेकीला ड्रायव्हर सीटवर बसवलं, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मी मीटरची टोकं धरून उभी. सैल बाही, ओढणी, केस पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा. अडचण अशी की सेल्फ सेकंदभरच फिरतो आणि डोळ्यांना आकडा पकडता येत नाही. मीटरवर सर्वांत कमी आकडा धरून ठेवायचं बटण असेल तर प्रश्न मिटला. माझ्या मीटरवर नव्हतं, म्हणून फोन मीटरसमोर टेकवून व्हिडिओ लावला.

"आई, मारू?"

"मार. लागली की लगेच बंद कर."

नंतर तो व्हिडिओ एकेक चौकट पुढे सरकवत पाहिला. १२.५, मग एकदम ८.७, मग ९.२, मग १०.१ आणि इंजिन लागल्यावर वर. बाहेर थंडी होती, पण गोठवणारी नव्हती. लोड टेस्टचा प्रचलित नियम असा आहे की साधारण २१ अंश सेल्सिअसला व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये; १० अंशांना ही मर्यादा ९.४, शून्याच्या आसपास ९.१. तो नियम ठरावीक भार १५ सेकंद ठेवून पाहण्याचा आहे, आणि चांगली बॅटरी घरच्या सेल्फला बहुतेक वेळा १० च्या वरच राहते. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षातली सर्वांत खालची पातळी ८.७ पेक्षाही खाली असणार. काही वेळाने पुन्हा केलं, निकाल तसाच.

तरी मला खात्री हवी होती की दोष केबलचा नाही. त्यासाठीची चाचणी सोपी आहे आणि मला सर्वांत आवडलेली. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या पोलवर, अगदी मधोमध, आणि दुसरं त्याच पोलवर बसवलेल्या क्लॅम्पवर. सेल्फ मारताना या दोघांत जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या सांध्यात वाया जात आहेत. पॉझिटिव्हला ०.०६, निगेटिव्हला ०.०४. सांध्यात एवढं चालून जातं. म्हणजे सांधे चांगले होते, आणि तरीही खुद्द पोलवर व्होल्टेज कोसळत होतं.

आता आत डोकवायची वेळ होती. माझ्या बॅटरीला वर सहा बुचं आहेत, म्हणून हायड्रोमीटर वापरता आला. सीलबंद बॅटरीत हे करता येत नाही. काही सीलबंद बॅटऱ्यांवर हिरवा दिसणारा गोल डोळा असतो, पण तो सहांपैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो. उरलेल्या पाचांबद्दल त्याला काही माहीत नसतं.

बुचं काढण्याआधी वरचा भाग ओल्या फडक्याने पुसून घेतला. काचेच्या नळीत ॲसिड इतकंच ओढायचं की आतला तरंगता काटा कडांना न चिकटता मोकळा राहील, मग डोळ्याच्या पातळीवर आणून वाचायचं आणि ॲसिड त्याच सेलमध्ये परत सोडायचं. पूर्ण भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत ॲसिड किती जड, तो आकडा) १.२६५ ते १.२८० असते. थंडीत आकडा थोडा जास्त दिसतो: हायड्रोमीटरवर लिहिलेल्या तापमानापेक्षा ॲसिड थंड असेल तर दर साडेपाच अंशांना ०.००४ वजा करायचे. सगळ्या सेलचं तापमान एकच, त्यामुळे त्यांच्यातला फरक मात्र तसाच राहतो, आणि खरं पाहायचं असतं ते हा फरकच.

पॉझिटिव्हकडून वाचत गेले. १.२६५, १.२६५, मग तिसऱ्यात काटा दिसण्याइतका खाली बसला: १.१९०. पुन्हा ओढून पाहिलं, तेच. पुढचे तिन्ही १.२६० ते १.२६५. शिवाय तिसऱ्या सेलचं ॲसिड बाकीच्यांसारखं स्वच्छ नव्हतं, त्यात तपकिरी गढूळपणा होता. पॉझिटिव्ह प्लेटवरचं द्रव्य झडत असल्याची ती खूण. सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट सेलमध्ये ०.०५० चा फरक आला की बॅटरी गेली असं धरतात. माझ्याकडे ०.०७५ होता.

इथे मी कागदावर एक हिशोब केला आणि सगळं कोडं सुटलं. सेलचं व्होल्टेज म्हणजे ढोबळमानाने ग्रॅव्हिटी अधिक ०.८४५. चांगला सेल २.११ देतो, माझा आजारी सेल २.०३ च्या जवळपास. पाच चांगले आणि एक आजारी मिळून होतात १२.५८. माझ्या मीटरने नेमका हाच आकडा दाखवला होता! सहांतला एक सेल मरणाला टेकला असताना विश्रांतीतल्या व्होल्टेजमध्ये ०.१ व्होल्टचाही फरक पडत नाही. सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, सेल्फचा सगळा करंट त्या तिसऱ्यातूनच जातो, आणि तिथेच तो कोसळतो. नुसतं १२.५ च्या वर आहे म्हणून बॅटरीला पास करणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

दुसरं मत म्हणून हातात मावणारा इलेक्ट्रॉनिक टेस्टर मिळाला तोही लावला. तो भार टाकत नाही, बॅटरीत छोटा संकेत सोडून तिची वाहकता मोजतो आणि त्यावरून सीसीएचा अंदाज देतो. सीसीए म्हणजे उणे १८ अंशांना ३० सेकंद, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता, बॅटरी देऊ शकेल तो करंट. टेस्टरमध्ये बॅटरीचा प्रकार आणि लेबलवर छापलेलं मानक निवडावं लागतं. सीसीए, ईएन, डीआयएन, जेआयएस या मानकांचे आकडे वेगवेगळे असतात, चुकीचं निवडलं तर चांगली बॅटरीही नापास होते. माझ्या लेबलवरच्या आकड्याच्या निम्म्याच्या थोडंसं वर दाखवून तो 'बदला' म्हणाला. सीलबंद बॅटरी असणाऱ्यांना हायड्रोमीटरऐवजी याच्यावरच भिस्त ठेवावी लागेल.

बॅटरी पूर्ण उतरवून तिची क्षमता मोजायची पद्धतही आहे, पण गाडीची बॅटरी खोलवर उतरवली की तिचं आयुष्य घटतं. म्हणून मी त्या वाटेला गेले नाही.

निदान झालं, तरी नवीन बॅटरी आणण्याआधी दोन गोष्टी तपासायच्या राहिल्या होत्या. अल्टरनेटर: इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मोजलं, १४.२. हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून १३.८. ठीक. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एखादा आकडा कमी दिसला म्हणून लगेच घाबरू नका, जरा वेळ पाहा.

दुसरी, गाडी बंद असतानाची गळती. निगेटिव्ह केबल काढून तिच्या आणि पोलच्या मध्ये मीटर बसवायचा, लाल वायर आता १० ॲम्पिअरच्या भोकात. दारं बंद, चावी लांब, आणि मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही. सुरुवातीला अडीच ॲम्पिअर दिसले आणि पोटात गोळा आला. पण गाडीतले संगणक झोपी जायला वेळ घेतात, काही गाड्यांत अर्धा-पाऊण तासही. मी खुर्ची घेऊन बसून राहिले. आकडा टप्प्याटप्प्याने उतरत ०.०३ वर स्थिरावला. ३० मिलिॲम्पिअर, ५० पर्यंत ठीक समजतात. या हिशोबाने दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-अवर जातात, म्हणजे माझी बॅटरी निम्मी व्हायला महिनाभर गाडी उभी राहावी लागेल. गळतीचा संशय मिटला. ५० च्या बराच वर आकडा राहिला असता, तर एकेक फ्यूज काढत कुठल्या सर्किटला तो खाली येतो ते शोधावं लागलं असतं.

मग निश्चिंत मनाने नवीन बॅटरी आणली. घेताना तीन गोष्टी जुळवल्या: डब्याचं माप, पॉझिटिव्ह पोलची बाजू आणि सीसीए जुन्याइतका किंवा जास्त. दुकानात पडून राहिलेल्या जुन्या तारखेच्या दोन-तीन बॅटऱ्या नाकारून ताजी मागून घेतली. सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर ईएफबी (साध्या बॅटरीचाच जास्त टिकाऊ प्रकार) किंवा एजीएमच हवी, आणि काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या संगणकात करून घ्यावी लागते. जुनी बॅटरी देताना बुचं घट्ट लावून, उभी धरून नेली. तिच्यातलं शिसं पुन्हा वापरलं जातं, ती कचऱ्यात जाता कामा नये.

नवीन बसवल्यावर रात्रभर थांबून तिचेही आकडे घेतले. विश्रांतीत १२.६६, सेल्फ मारताना सर्वांत खाली १०.७. हे आकडे, तारीख आणि त्या दिवशीचं तापमान मार्करने चिकटपट्टीवर लिहून डब्याच्या बाजूला लावले आहेत. पुढच्या हिवाळ्याआधी याच पद्धतीने पुन्हा मोजेन, तेव्हा तुलनेला या बॅटरीचा स्वतःचा आकडा असेल.